हे स्पष्ट की हे?

"यंदा तू ठरव," बायको म्हणाली तेव्हा तो सिंकपाशी उभा राहून कप विसळत होता. कप हातातून पडला नाही, याचं त्याला पुढे आठवडाभर नवल वाटत राहिलं. पडला असता तर बरं झालं असतं. तुकडे गोळा करण्यात, "पायात चप्पल घाल आधी" वगैरे म्हणण्यात थोडा वेळ गेला असता आणि तेवढ्यात तिचं वाक्य शिळं झालं असतं. पण कप शाबूत राहिला आणि वाक्यही शाबूत राहिलं. "काय ठरवू?" त्यानं विचारलं. सुट्टीला कुठे जायचं ते ठरवायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं. फ्रिजच्या दारावर दोन फोटो कधीचे शेजारी शेजारी चिकटवलेले होते. एका फोटोत उभा डोंगर, त्याला पायऱ्या पाडलेल्या आणि प्रत्येक पायरीवर द्राक्षवेलींची एकेक ओळ. पाठीवर टोपली घेतलेला एक माणूस चढताना मध्येच थांबलेला. दुसऱ्यात रुंद, संथ नदी, तिच्या काठानं सपाट पसरलेले द्राक्षमळे, झाडांखालून जाणारा सायकलचा रस्ता आणि पाण्यावर संध्याकाळचं पिवळं ऊन. डोंगराकडे पांढरी वाइन होते, थंडी असते, रस्ते वाईट असतात आणि लोक आपापल्या घराच्या तळघरातच वाइन करतात. नदीकाठी तांबडी होते, मोठमोठ्या वाइनरी आहेत, होडीतून फिरवतात. सुट्टी एकच होती, म्हणून दोन्हीतलं एकच.

"दोन्हीकडच्या खोल्या त्या प्रवासवाल्यानं शुक्रवारपर्यंत धरून ठेवल्यात," ती म्हणाली. "शुक्रवारी संध्याकाळी एक सोडायची."

"तुला कुठलं जास्त..."

"अंहं. ते विचारायचं नाही. या वेळी मी तोंडातून अवाक्षर काढणार नाहीये." ती पर्समध्ये किल्ल्या शोधत होती. "आणि नाही सांगितलंस तर मी एकटी जाईन. रागावून नाही सांगत."

"एकटी कुठे जाशील?"

"ते माझं मी बघेन," ती म्हणाली आणि गेली. दार तिनं हळूच लावलं. आपटलं असतं तर त्याला हायसं वाटलं असतं, कारण आपटलेल्या दाराचं काय करायचं हे त्याला ठाऊक होतं. संध्याकाळी लवकर घरी यायचं, भाजी आपण चिरायची, काही बोलायचं नाही. हळूच लावलेल्या दाराला त्याच्याकडे उपाय नव्हता. माझं मी बघेन. हे तीन शब्द घेऊन तो बसमध्ये बसला, आणि उतरायच्या थांब्याच्या पुढे जाऊन उतरला.

तो दात करायचा. म्हणजे दातांच्या लॅबमध्ये कॅप आणि कवळ्या करायचा, आणि पुढच्या दाताचं काम असलं की वरच्या मजल्यावरचे डॉक्टर त्याला शेड, म्हणजे दाताचा नेमका रंग, बघायला बोलवायचे. इतरांना वाटतं दात पांढरे असतात. दात कधी पांढरे नसतात. पिवळट, करडे, मुळाशी तपकिरी, टोकाला काचेसारखे, आणि शेजारच्या दाताचा रंग थोडा थोडा अंगावर घेतलेले असतात. त्या शेजाऱ्यांमध्ये नवा दात असा बसवायचा की तो आहे हे कुणाला कळू नये, ही त्याची कला. आरशात बघून पेशंट म्हणाला, "यातला तुमचा कुठला हो?" की तो दिवस सोन्याचा. त्याला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याचा एकच नियम होता. दात ओला असताना बघायचा, झटकन बघायचा, पहिल्या नजरेला जी शेड जुळली ती सांगायची आणि मान फिरवायची. फार वेळ बघत बसलं की डोळा थकतो आणि सगळ्या शेड सारख्या दिसायला लागतात. शिवाय तोंड उघडं राहून दात सुकतो, आणि सुकलेला दात असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो. लॅबमध्ये तो कधी चुकायचा नाही. "याची नजर म्हणजे नजर," डॉक्टर इतरांना सांगायचे. तिथं दुसऱ्यांचे दात असत आणि त्यांच्याशी जुळवून घ्यायचं असे, ते त्याला लख्ख यायचं.

त्या दिवशी खुर्चीत एक गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या. जिन्यावरून पडून त्यांचा पुढचा दात तुटलेला. त्यानं शेडची पट्टी त्यांच्या ओठापाशी धरली आणि पहिल्या नजरेला एक शेड अगदी अचूक जुळली. ती सांगायला तोंड उघडलं आणि त्याच्या मनात आलं, ही कशावरून? शेजारची का नाही? त्यानं शेजारची धरली. तीही बरी वाटली. मग पुन्हा पहिली. फ्रिजवरचे फोटो डोळ्यांपुढे आले. डोंगर म्हणावं तर तिला चढ सोसत नाही, मागच्या वर्षी गुडघा दुखत होता. नदी म्हणावं तर ती म्हणेल, माझ्या गुडघ्याकडे बघूनच म्हणालास ना? म्हणजे पुन्हा तेच. म्हणजे डोंगर म्हणायला हवं, पण मग तो डोंगरही तिच्याकडे बघूनच म्हटलेला झाला. इकडे आड तिकडे विहीर. बाईंचं तोंड उघडंच होतं, ओठ मागे ओढून धरलेले, कापसाचे बोळे गालात. "अहो, सांगा लवकर, बाईंचा जबडा जायचा," डॉक्टर म्हणाले. त्यानं घाईनं दुसरी, फिकट शेड सांगितली. खाली उतरताना त्याच्या लक्षात आलं की दात केव्हाच सुकला होता. परत वर जाऊन सांगता आलं असतं. पण परत गेलो तर पहिली खरी की दुसरी, हे पुन्हा ठरवावं लागेल. तो सरळ कामाला बसला.

आणि त्याला आवडत काहीच नव्हतं असंही नाही. हीच तर गंमत होती. बायको ज्या चष्म्यांच्या कंपनीच्या दुकानात डोळे तपासायची, त्या कंपनीनं मागे एकदा वाइन चाखण्याची संध्याकाळ ठेवली होती, तिथून तर हे सुट्टीचं खूळ सुरू झालं. एक लांब नाकाचा माणूस सगळ्यांना ग्लास कसा हलवायचा, नाक कसं घालायचं ते शिकवत होता. तांबड्या वाइनचा घोट घेताना याच्या मनात दातांवर पडणाऱ्या डागांखेरीज काही आलं नाही. मग पांढरी आली, डोंगराकडची. आंबट, इतकी आंबट की दातांच्या मुळांना झिणझिण्या आल्या आणि कानामागे गार वाटलं. भिजलेल्या दगडासारखी काहीतरी चव मागाहून आली. त्याला ती फार आवडली. इतकी आवडली की त्यानं इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. लांब नाकाच्या माणसानं विचारलं, "मग, कुठली पसंत?" आणि तो म्हणाला, "दोन्ही छान आहेत." बायकोनं त्याच्या ग्लासकडे बघितलं. तांबडी तशीच होती आणि पांढरीचा ग्लास लख्ख रिकामा होता. मग आता शुक्रवारपर्यंत तळ्यात-मळ्यात करायचं कारण काय? डोंगर म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण शब्द घशाशी आला की त्याला भीती वाटायची, लहान मुलासारखी भीती, आणि ती सुट्टीची भीती नव्हती.

तो लहान असताना आईबाबा वेगळे झाले. भांडणं नव्हती, आरडाओरडा नव्हता. दोघंही सभ्य माणसं. एक दिवस मामा त्याला जिन्याच्या पायरीवर घेऊन बसला आणि म्हणाला, "हे बघ राजा, कुणी रागावणार नाही. मनापासून सांग, तुला कुणाकडे राहायचंय?" बाबांच्या नव्या घरात शिडी चढून वर जायची अशी एक खाट होती, छताला हात लागायचा. ती खाट त्याच्या डोळ्यांपुढे आली आणि तो म्हणाला, "बाबांकडे." मामानं दाराकडे बघितलं. दारात आई उभी होती, ती केव्हा आली होती कोण जाणे. "बरं," आई म्हणाली. "बरं झालं. तिथं शाळाही जवळ आहे." मग तिनं हात ओला करून त्याचे केस सारखे केले, भांग पाडला, आणि ती आत गेली. बस्स, एवढंच. आई रडली नाही. तो मोठा झाला तरी त्या गोष्टीबद्दल आई कधी एका शब्दानं बोलली नाही. ती रविवारी यायची, त्याला फिरायला न्यायची, विचारायची, "आइस्क्रीम घ्यायचं की केक?" आणि तो म्हणायचा, "तुला आवडेल ते." मोठ्यांना केवढं कौतुक! किती समजूतदार मुलगा. ही पदवी त्याला लहानपणीच मिळाली आणि ती त्यानं पुढे जिवापाड जपली. शाळा, नोकरी, घराच्या भिंतींचा रंग, मुलीचं नावसुद्धा, सगळीकडे तुला आवडेल ते. बायकोलाही सुरुवातीला त्याचं कौतुक होतं. "बाकीच्यांचे नवरे बघा, आणि हा बघा," ती मैत्रिणींना सांगायची. ते सांगणं केव्हा बंद झालं ते त्याला आठवेना.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं परगावी असलेल्या मुलीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर अगदी सहज विचारतोय असं दाखवत म्हणाला, "काय गं, आई तुझ्याशी कधी बोलली का, तिला डोंगर जास्त..."

"बाबा!" ती हसायला लागली. "आईनं सांगून ठेवलंय मला. तुझ्या बाबांचा फोन येईल, तेव्हा मूग गिळून बस म्हणून."

"नाही, मी आपला सहज..."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" मग ती हसायची थांबली. "बाबा, आईनं तुम्हाला त्या दुसऱ्या शाखेचं विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

त्यानं फोन या कानावरून त्या कानाला लावला. मुलीनंही फार ताणलं नाही, "ठेवते हं, मीटिंग आहे," म्हणाली. तो फोन हातात धरून बसून राहिला. समोर दात भाजायच्या भट्टीचा दिवा लाल झाला होता. चष्म्यांच्या कंपनीची दुसऱ्या गावात शाखा निघणार होती, आणि ती चालवायला बायकोला बोलावलं होतं. रोज जाऊन येण्यासारखं अंतर नव्हतं. तिथंच खोली घ्यावी लागणार होती. हे तिनं त्याला एका रात्री जेवताना सांगितलं होतं. "घेऊ का रे?" असं विचारलं होतं. आणि चपातीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला होता, "तुला वाटेल तसं कर." त्याला वाटलं होतं, आपण किती मोठ्या मनाचे. आता भट्टीसमोर बसून त्याला ते ताट, तो तुकडा आणि तिचा थांबलेला हात दिसला. तिनं त्याच्याकडे किती वेळ बघितलं होतं! काहीतरी येईल म्हणून वाट बघितली होती. मग "बरं," म्हणाली होती. अगदी आईसारखंच, बरं. नवरा बायकोला म्हणतो, तुला जायचं तर जा, मी तुला अडवत नाही. आणि बायकोला ऐकू येतं, तू गेलीस काय, राहिलीस काय, मला दोन्ही सारखंच. तिनं अजून कंपनीला उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे फ्रिजवरचे फोटो हे निमित्त होतं. ती शेवटचं बघत होती की या माणसाच्या आत कुणी राहतं की नाही.

त्यानंतरचे दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. घरात दोघं नेहमीसारखी बोलत. दूध संपलंय, वरच्यांचा नळ गळतोय. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राही. फ्रिज उघडताना ती कुठल्या फोटोकडे बघते? एकदा तिनं नदीच्या फोटोचा वाकलेला कोपरा बोटानं सरळ केला. तो दिवसभर त्या कोपऱ्यावर जगला. मग नदीच. पण कोपरा वाकला होता म्हणून सरळ केला असेल, ती तशीही टापटिपीची आहे. रात्री तोंड धुताना त्यानं आरशात बघून "डोंगर" म्हणून पाहिलं. आवाज चोरासारखा आला. "नदी" म्हटलं, तर तोही तसाच आला. गुरुवारी गाणं शिकवणाऱ्या बाईंचा दात बसवला. बाईंनी आरसा घेतला, ओठ उघडले आणि मिटले. "हा... जरा वेगळा दिसतोय का?" त्या हळूच म्हणाल्या. जरा कसला, खोलीत शिरल्याबरोबर तोच दात आधी दिसावा इतका तो पांढरा होता. डॉक्टरांनी बाईंची समजूत काढली, दात काढून घेतला आणि याला बाहेर बोलावलं. "आजवर तुझं काम परत गेलं नाही. झालंय काय?" तो म्हणाला, दात सुकला होता. "मग तुला कळलं नाही?" कळलं होतं, असं तो म्हणाला नाही. "डोळे तपासून घे बाबा," डॉक्टर म्हणाले. "घरचंच दुकान आहे की तुझं."

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तो तिच्या दुकानात गेला. म्हणजे, म्हणून गेला असं त्यानं स्वतःला सांगितलं. दुकान बंद व्हायच्या बेतात होतं, बाकीची माणसं गेली होती, ती फ्रेमा पुसून खणात ठेवत होती. त्याला बघून ती नुसती थांबली. "डोळे तपासायचेत," तो म्हणाला. "माझी शेड चुकली." त्यानं सगळं सांगितलं, बाई, जबडा, कापूस, फिकट दात. ती हसली नाही. "ये," म्हणाली.

आतली खोली लहान आणि काळोखी होती. तिनं त्याच्या नाकावर तपासणीची ती जड गोल फ्रेम चढवली, एका डोळ्यावर झाकण टाकलं, आणि ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिची ही जुनी सवय होती. घरी कितीदा सांगायची, माणसं समोरच्या अक्षरांकडे बघतच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देतात, म्हणून मी मागे उभी राहते. आणि घाबरलेली माणसं म्हणतात, दोन्ही सारखंच. त्यांना वाटतं चुकीचं उत्तर दिलं तर जन्मभर चुकीचा चष्मा लागेल. अरे बाबांनो, काच आहे ती, बदलता येते! ती हे सांगायची तेव्हा तो हसायचा, आपल्याबद्दल नसलेल्या गोष्टीला हसावं तसा. आता समोर फक्त उजेडाची एक चौकट होती आणि तिच्यात काळी अक्षरं. खट्कन एक काच बसली. "हे स्पष्ट," तिचा आवाज मागून आला, दुसरी काच बसली, "की हे?"

"पहिलं," तो म्हणाला.

"हे की हे?"

"दुसरं."

"हे की हे?"

"दुसरंच." त्याला आश्चर्य वाटत होतं. काहीच अडत नव्हतं. चेहरा दिसत नव्हता, कशाशी जुळवायचं नव्हतं. डोळा त्याचा होता आणि त्याला जे दिसत होतं ते दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं. काच, उत्तर, काच, उत्तर. त्याचे खांदे खाली आले. किती दिवसांनी आले.

"हे की हे?"

"पहिलं."

"डोंगर की नदी?"

"डोंगर," तो म्हणाला.

मग काहीच झालं नाही. अक्षरं होती तिथंच होती. मागे काचांची पेटी होती, त्यातली एक काच तिनं खाली ठेवली, तेवढा आवाज आला. झालं, सांगून बसलो. आता ती म्हणेल, बरं. त्याला जिना आठवला, दार आठवलं, डोक्यावरून फिरलेला ओला हात आठवला. वाक्य घाईघाईनं तोंडाशी आलं, म्हणजे तुला नदी हवी असेल तर माझं काही नाही. ते दातांपर्यंत आलं आणि त्यानं दात घट्ट मिटले. दात मिटलेले असताना त्याला कळलं की अजून एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती अंधारातच सांगता येईल. "आणि ती दुसऱ्या गावची शाखा घेऊ नकोस," तो म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की तो स्वतःच दचकला. "मला नको आहे. मला तू घरात हवी आहेस. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

तिनं दिवा लावला आणि ती समोर आली. झाकलेल्या डोळ्यानं आणि काच चढवलेल्या दुसऱ्या डोळ्यानं त्याला ती धड दिसेना, पाणी भरल्यासारखी दिसली. तिनं फ्रेम काढली तेव्हा कळलं की पाणी तिच्याच डोळ्यांत होतं. तिनं ते मनगटानं पुसलं. फ्रेमच्या दांडीत अडकलेले त्याचे केस तिनं बोटांनी सारखे केले, आणि तो त्या शब्दाची वाट बघत बसला.

"मला नदी हवी होती," ती म्हणाली. "मी त्या डोंगरावर पावलापावलाला कुरकुर करणार आहे, आधीच सांगून ठेवते."

"कर," तो म्हणाला. त्याला एकदम रडू फुटेलसं झालं. आईनं तेव्हा कुरकुर केली असती, नुसतं "मला तू हवा होतास" म्हटलं असतं, तर त्यानं शिडीची खाट सोडली नसतीही कदाचित, पण आईला तो हवा होता हे तरी त्याला कळलं असतं.

"आणि शाखाही हवी आहे मला," ती म्हणाली. "फार हवी आहे. त्यांनी मला बोलावलंय, दुसऱ्या कुणाला नाही. तू नको म्हणालास म्हणून मी लगेच सोडीन असं समजू नकोस."

"मग तुला वाटेल..." तो म्हणाला आणि थांबला. ती त्याच्याकडे बघत होती. या वेळी तिच्या चेहऱ्यावरून त्याला काहीही जुळवता येत नव्हतं. "नको," तो म्हणाला. "तरी मला नकोच आहे."

"का?" तिनं विचारलं.

तिनं बाहेर जाऊन दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, आत आली आणि स्टूल ओढून त्याच्या समोर बसली.